बादल्या, मेणबत्त्या आणि खंजीर

गेले तीन आठवडे माझे दोन्ही खांदे दुखताहेत. इथे मिनेसोटात कुणाचे खांदे दुखले की लोक समजून जातात, बर्फ उपसला असणार. पण बर्फ वितळून महिना झाला. मग नवऱ्याने ऑफिसात कुणाला तरी खरं कारण सांगितलं आणि तो माणूस म्हणे दोन मिनिटं हसत होता. कारण असं, की वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी चीअरलीडिंगचे हात-पाय शिकते आहे.

हसून घ्या. मावशी, तूसुद्धा. तू हे वाचणार आणि रविवारी फोनवर विचारणार, "अगं, म्हणजे ते आयपीएलमध्ये बायका करायच्या तेच ना?" हे मला माहीत आहे, म्हणून उत्तर आधीच लिहून ठेवते. उत्तर जरा लांब आहे. चहा घेऊन बस.

झालं असं, की एप्रिलमध्ये एका रात्री जेवताना आमची तेरा वर्षांची कन्या म्हणाली, "आई, मी शाळेच्या चीअर टीमसाठी ट्रायआउट देणार आहे." ट्रायआउट म्हणजे निवड चाचणी. मी आमटी वाढत होते. हातातला डाव तसाच धरून मी म्हणाले, "सात वर्षं भरतनाट्यम शिकवलं ते मैदानाच्या कडेला नाचायला?"

ती काही बोलली नाही. नवरा ताटात बघत राहिला. ती ताट उचलून गेली आणि विषय संपला, असं मला वाटलं. आपण आयांना विषय फार लवकर संपल्यासारखे वाटतात.

आठवड्याने मी वॉशिंग मशीनमधले कपडे काढायला तळघरात गेले, तर ही तिथे जुन्या आरशासमोर उभी. फोन कपाटाला टेकवलेला, त्यावर कुणीतरी मुलगी हात वर-खाली करून दाखवते आहे, आणि आवाज पूर्ण बंद. आमच्या घरात तळघरातला आवाज हीटिंगच्या झडपांमधून थेट स्वयंपाकघरात येतो. मला ऐकू जाऊ नये म्हणून तिने व्हिडिओ मुका केला होता. स्वतःही मुक्यानेच करत होती, नुसते ओठ हलवत. पालकांच्या फॉर्मवर बाबाची सही घेऊन झाली होती, हे नंतर कळलं.

मी कपडे न काढताच वर आले. का, ते शेवटी सांगते. दुसऱ्या दिवशी खाली जाऊन तिला म्हटलं, "मलाही दाखव." तिने आधी माझ्याकडे संशयाने पाहिलं. मग म्हणाली, "मूठ कर."

मी मूठ केली.

"आई, अंगठा बाहेर! आत ठेवलास तर मोडेल."

तर मंडळी, चीअरलीडिंगचा श्रीगणेशा हा असा मुठीपासून होतो. चार बोटं घट्ट मिटायची, अंगठा बाहेरून त्यांच्यावर आडवा. मग ती मूठ कशी धरायची याची नावं आहेत, आणि ती नावं इतकी घरगुती आहेत की मी पहिल्याच दिवशी फितूर झाले. हात समोर सरळ आणि मुठीची पाठ वर, जणू दोन्ही हातांत बादल्यांच्या कड्या धरल्या आहेत, या बादल्या. त्याच मुठी उभ्या, जणू पेटत्या मेणबत्त्या धरल्या आहेत, या मेणबत्त्या. कोपरं अंगाला चिकटवून मुठी खांद्यापुढे उभ्या घेतल्या की ते खंजीर. आणि बोटं जुळवून हात सपाट ठेवला की ते पातं. पाणी भरून झालं, दिवे लागले, मारामारी झाली. दहा मिनिटांत आख्खं ऐतिहासिक नाटक. :-)

कन्या म्हणाली, "आई, हे आपलं मुष्टीच आहे. आणि ब्लेड म्हणजे जवळजवळ पताक." खरंच की! भरतनाट्यमच्या मुष्टीतही चार बोटं मिटलेली आणि अंगठा बाहेरून. पताकात बोटं अशीच जुळलेली, फक्त अंगठा वाकवून आत घेतलेला. सात वर्षांची फी आपण नेमकी कशाची भरली हे मला त्या दिवशी तळघरात, कपड्यांच्या ढिगाशेजारी उभं राहून कळलं.

मग हात. सगळ्यात ओळखीचा तो हाय व्ही, दोन्ही हात वर आणि बाजूला, इंग्रजी व्ही अक्षरासारखे. बघायला सोपा. पण तो खांद्याच्या रेषेत नसतो, किंचित पुढे असतो. किती पुढे, तर नजर समोर ठेवून डोळ्यांच्या कडेने आपल्या दोन्ही मुठी पुसट दिसल्या पाहिजेत. मी हात वर केले तर मला मुठी दिसेनात, म्हणजे ते मागे गेले होते. पुढे आणले तर मी कुणाला तरी मिठी मारायला निघाल्यासारखी दिसायला लागले. तेच हात खाली केले की लो व्ही. दोन्ही बाजूंना आडवे पसरले की टी. टीमधली कोपरं दुमडून मुठी छातीपुढे आणल्या की मोडका टी. एक हात आडवा सरळ आणि दुसरा दुमडलेला, की धनुष्यबाण. हात कानांना लागून सरळ वर, तळवे एकमेकांकडे, की टचडाउन. अमेरिकन फुटबॉलमध्ये टचडाउन झाल्यावर पंच असेच हात वर करतात. एक हात वर, एक आडवा, की एल. एक हात वरच्या व्हीमध्ये आणि दुसरा त्याच्या विरुद्ध खालच्या व्हीमध्ये, की तिरपी रेघ. वरचा हात तसाच ठेवून दुसरा अंगासमोरून खाली तिरका नेला, की के.

थोडक्यात काय, तर अंगाने मुळाक्षरं गिरवायची.

यातली खरी गोम हात कुठे जातो यात नाही, तो कसा जातो यात आहे. एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सगळ्यात जवळच्या वाटेने जायचं, आणि तिथे पोचल्यावर खटकन थांबायचं. झोका नाही, लाट नाही, थरथर नाही. मी टीमधून हाय व्हीमध्ये जाताना हात सुरेख गोल फिरवून नेला, तर कन्या म्हणाली, "आई, तू पोळी लाटत नाहीयेस." आणि मनगट! मनगट सरळ हवं. ते जरा जरी वाकलं तरी त्याला मोडलेलं मनगट म्हणतात आणि गुण कापतात. इथे मात्र तिचीच पंचाईत झाली. तिचं मनगट नाचात सात वर्षं वाकायला शिकलेलं. तिथे जे लालित्य, तो इथे दोष. शिवाय नाचात जिकडे हात तिकडे नजर असं शिकवलं, आणि इथे हात कुठेही जावो, नजर समोरच्या प्रेक्षकांवर. पहिले दहा दिवस तिची मान आपोआप हाताकडे वळायची आणि मी मागून ओरडायचे, "समोर!" मला कुणावर तरी ओरडायला मिळालं म्हणून मीही खूश.

पायांचं प्रकरण मला जास्त जमलं, कारण ते शाळेत झालं होतं. पाय जुळवून, हात अंगाला चिकटवून ताठ उभं राहायचं, हे आपलं सावधान. पाय खांद्यांइतके फाकवून, हात कमरेवर, हे थोडंसं विश्राम. मग लंज. एक पाय गुडघ्यात वाकवायचा, दुसरा मागे किंवा बाजूला दांडीसारखा सरळ. वाकलेला गुडघा घोट्याच्या बरोबर वर, त्याच्या पुढे गेलेला चालत नाही. लाठीकाठीवाले याला पवित्रा म्हणतील. आणि सगळं आठ मात्रांवर. सुरू करायच्या आधी कुणीतरी "फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट" म्हणतं आणि पहिल्या मात्रेला सगळ्यांचे हात एकदम जागेवर. "पाच, सहा, सात, आठ"! हे ऐकल्यावर माझं काय झालं तेही शेवटी सांगते.

आता मावशीचा प्रश्न.

२००८ साली आयपीएल सुरू झाली तेव्हा मीही तेच पाहिलं जे तू पाहिलंस. चौकार गेला की कॅमेरा त्या मुलींवर, एक उडी, दोन झटके, आणि परत खेळ. बंगळुरूच्या संघाने तर अमेरिकन फुटबॉलच्या एका संघाच्या चीअरलीडर्स आणल्या होत्या. महाराष्ट्रात त्यावर केवढा गदारोळ झाला, संस्कृती बुडाली वगैरे. मी तेव्हा इथेच होते आणि दोन्ही बाजूंना नाक मुरडून मोकळी झाले होते. त्या दोन झटक्यांवरून आपण सगळ्यांनी चीअरलीडिंग म्हणजे काय ते ठरवून टाकलं. उद्या कुणी लग्नाच्या वरातीतला नागीण डान्स बघून भारतीय नृत्याबद्दल मत बनवलं तर आपल्याला चालेल का?

मूळ गोष्ट काय होती ते बघा. आणि ती घडली आमच्याच गावात! २ नोव्हेंबर १८९८ ला युनिव्हर्सिटी ऑफ मिनेसोटाच्या फुटबॉल सामन्यात जॉनी कॅम्पबेल नावाचा विद्यार्थी गर्दीसमोर उभा राहिला आणि सगळ्यांकडून एका सुरात आरोळ्या देववून घेऊ लागला. चीअरलीडिंगचा जन्म इथला धरतात. म्हणजे पहिला चीअरलीडर पुरुष, आणि त्याचं काम प्रेक्षकांना रिझवायचं नव्हतं, प्रेक्षकांचा एक आवाज करायचं होतं. पुढची पंचवीस वर्षं हे जवळजवळ पूर्ण पुरुषांचं काम होतं. १९२३ च्या सुमारास मिनेसोटातच मुली यात आल्या, आणि दुसऱ्या महायुद्धात मुलगे लढाईवर गेले तेव्हा त्यांची संख्या वाढली. १९४८ मध्ये टेक्ससमध्ये लॉरेन्स हर्किमर यांनी पहिलं शिबिर घेतलं, त्याला ५२ मुली आणि एक मुलगा आला होता. (त्या एका मुलाबद्दल मला फार कुतूहल आहे.) आयझेनहॉवर वेस्ट पॉइंटला असताना गुडघा दुखावून खेळ सुटल्यावर चीअरलीडर झाले होते, आणि धाकटे जॉर्ज बुश शाळेत चीअरलीडर होते. दोघांपैकी कुणाच्या आईने डाव हातात धरून "मैदानाच्या कडेला" म्हटलं असेल असं वाटत नाही.

हे वाचल्यावर त्या हातांचा अर्थ लागला. पन्नासाव्या रांगेतल्या माणसाला चेहरा दिसत नाही, बोटं दिसत नाहीत, शब्द ऐकू येत नाहीत. त्याला दिसतं ते फक्त अंगाचं मोठं अक्षर. म्हणून मूठ मिटलेली, मनगट सरळ, कोपर ताठ. बोटं पसरली तर लांबून हात धूसर दिसेल, वाटेत झोका दिला तर दहा मुली दहा वेगळ्या वेळी पोचतील. सगळं वाचता यावं म्हणून आहे. सिग्नलवाल्याचं निशाण आणि हे, एकाच घराण्यातले. यात लटके-झटके नाहीत असं मी म्हणत नाही, पण ते वरून लावलेले आहेत. पाया कवायतीचा आहे.

मग आपण याला कमी का लेखतो? मला वाटतं, आपल्याला शिस्त ओळखू येते ती तिला आपल्या ओळखीचं नाव असेल तरच. भरतनाट्यमचे अडवू हेही सुटे सुटे घटकच. अर्ध्या बसकणीत पाय आपटत मुलगी तीन-तीन महिने एकच तट्टडवू करते आणि आपण अभिमानाने बाहेर चपलांपाशी बसून राहतो. तिथे मोडलेली रेषा दिसली की गुरू ओरडतात आणि आपल्याला बरं वाटतं. त्याच मुलीने तेच पाय आणि त्याच मुठी घेऊन "हाय व्ही" म्हटलं की आपला चेहरा बदलतो. संस्कृत नाव असलं की साधना, इंग्रजी नाव असलं की चाळे. मी हे दुसऱ्यांबद्दल नाही लिहीत, डाव माझ्याच हातात होता.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई पार वाहून गेली. चीअरलीडिंगमध्ये खटकावं असं पुष्कळ आहे. माणसांवर माणसं चढवण्याचे आणि हवेत फेकण्याचे जे प्रकार आहेत त्यांत डोक्याला-मानेला गंभीर इजा होतात. म्हणूनच २०१४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने याला खेळ माना असं म्हटलं, म्हणजे निदान प्रशिक्षक आणि सुरक्षेचे नियम तरी खेळासारखे असतील. कन्येच्या शाळेत तो प्रकार नाही, असता तर मी इतक्या आनंदाने लिहीत नसते. पोशाख मला आवडत नाहीत, आणि मिनेसोटाच्या ऑक्टोबरमध्ये तर ते मूर्खपणाचेच आहेत. व्यावसायिक फुटबॉल संघांच्या चीअरलीडर्सनी २०१४ पासून तुटपुंज्या पगाराविरुद्ध कोर्टात दावे केले, आणि ज्या धंद्यात कोट्यवधी डॉलर फिरतात तिथे ही वेळ यावी याची लाज कुणाला वाटायची ती त्यांना वाटो. कायद्यालाही हे काय आहे ते नीट ठरवता आलेलं नाही. २०१० मध्ये इथल्या एका फेडरल न्यायाधीशाने निकाल दिला, की एका विद्यापीठाने मुलींचा व्हॉलीबॉल बंद करून त्याजागी आणलेलं स्पर्धात्मक चीअरलीडिंग समान संधीच्या कायद्यात खेळ म्हणून धरता येणार नाही. आणि मला तो निकाल पटतो! मुलींचा एक खेळ काढून घ्यायला दुसरा वापरू नयेच. पुढे २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने चीअरच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला पूर्ण मान्यता दिली. म्हणजे खेळ की खेळ नाही, ही गाडी अजून अशी डोलतेच आहे.

पण माझा खरा आक्षेप यातला कुठलाच नव्हता. माझ्या मनात होतं ते हे, की माझी मुलगी दुसऱ्याच्या पराक्रमाला टाळ्या वाजवत कडेला का उभी राहील? तिने मैदानात उतरावं, लोकांनी तिच्यासाठी ओरडावं. ऐकायला हे फार पुरोगामी वाटतं. मीही बरेच दिवस स्वतःवर खूश होते.

मग मी पालखीचा विचार केला. टाळकरी कुणाकडे बघतो? झांजा वाजवणारी पोरं, ढोलाच्या पथकातली मुलगी, मिरवणुकीत लेझीम खेळणारा आख्खा वर्ग, यांच्यातलं कोण स्वतःसाठी वाजवतं? आपल्याकडे दुसऱ्या कुणासाठी हात उचलणं हे कमीपणाचं कधीच नव्हतं. शंभर माणसांनी एका मात्रेला हात उचलला की त्या शंभरांना काय होतं, ते कडेला उभं राहून कळत नाही. आणि मला ते माहीत आहे, कारण मी एकदा जवळजवळ त्यात होते.

आता शेवटी सांगते म्हटलं होतं ते.

आठवीत असताना आमच्या शाळेच्या लेझीम पथकात माझी निवड झाली होती. शाळेच्या गणपतीच्या विसर्जनाला पथक गावातून निघणार होतं. घरी सांगितलं तर आण्णा एवढंच म्हणाले, "मुलीने रस्त्यावर नाचायचं नाही." ते ओरडले नाहीत. त्यांच्या वेळेला, त्यांच्या गावात, त्यांना जे वाटलं ते त्यांनी सांगितलं. आज मला त्यांच्यावर राग नाही, आणि हे वाचणाऱ्या चुलत-आते भावंडांनी कृपा करून तसा अर्थ काढू नये. पण महिनाभर मी माडीवर दार लावून सराव केला होता, मिरवणूक जाऊन विसर्जन झालं तरी करत होते. लेझीम शाळेत जमा होती, म्हणून हातात लाटणं घेऊन. लाटणं एका दृष्टीने सोयीचं. त्याला साखळी नसते, चकत्या नसतात, आवाज होत नाही. तोंडाने पुटपुटायचं, एक दोन तीन चार, पाच सहा सात आठ. तेही हळू. माईला माहीत होतं. ती दुपारी पोळ्या लवकर आटपून लाटणं जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवायची. या विषयावर आम्ही दोघी आजतागायत एक शब्द बोललेलो नाही.

तळघरात मुका केलेला फोन पाहिला आणि मी कपडे न काढता वर आले, ते यासाठी.

ट्रायआउट मागच्या आठवड्यात झाली. आधी तीन संध्याकाळी शाळेच्या जिममध्ये सगळ्यांना एकच आरोळी आणि एकच रचना शिकवली, चौथ्या दिवशी परीक्षकांसमोर तीन-तीन जणींनी ती करायची. पाठीवर नंबर. आई-बापांना आत मज्जाव. मी गाडीत बसून राहिले आणि कुणी बघत नाही असं पाहून स्टिअरिंगवर दोनदा मोडका टी केला.

शुक्रवारी संध्याकाळी यादी लागली. यादीत फक्त नंबर होते. तिचा नव्हता.

रडली. मी काही बोलले नाही, आमटी वाढली. रात्री तिने गुणपत्रिका दाखवली. हातांना चांगले गुण, नेमकेपणाला तर खूपच चांगले. लंजला चांगले. उड्या बेताच्या. आणि सगळ्यात कमी गुण आवाजाला. खाली परीक्षकांनी लिहिलं होतं की हालचाली स्वच्छ आहेत, पण आवाज पोचत नाही.

आवाज कसा पोचणार? पहिला आठवडा तिने ओठ हलवूनच काढला. मी खाली गेल्यावर आम्ही दोघींनी हातांवर मेहनत घेतली, मनगटावर घेतली, नजरेवर घेतली. तोंड उघडून मोठ्याने ओरड, हे मी एकदाही म्हटलं नाही. माझ्या लक्षातच आलं नाही. तीन आठवडे मी तिला ज्या पद्धतीने शिकवलं ती माझी माडीवरची पद्धत होती. मी तिला लाटणं दिलं.

तर मंडळी, माझं मत विचाराल तर ते एवढंच आहे. मुलांनी काही अनोळखी आणलं की त्यावर मत देण्याआधी त्यातली पहिली मूठ करून बघावी. अंगठा आत ठेवायचा की बाहेर एवढं तरी माहीत असावं. त्यानंतरही आवडलं नाही तर खुशाल नाही म्हणावं, कारणं देऊन म्हणावं. पण ज्याची नावंसुद्धा माहीत नाहीत त्याला डाव हातात धरून नाही म्हणू नये. मुलं वाद घालत नाहीत. ती आवाज बंद करतात, आणि तो परत चालू करायला आपण समजतो त्यापेक्षा जास्त दिवस लागतात.

ती पुढच्या वर्षी परत चाचणी देणार आहे. कदाचित देणार नाही, तेरा वर्षांच्या मुलीचं काही सांगता येत नाही. पण काल संध्याकाळी आम्ही तळघरात होतो. माई व्हिडिओ कॉलवर होती, कपाटाला टेकवलेली. नातीने आजीला हाय व्ही दाखवला, टी दाखवला, खंजीर दाखवले. माई चष्मा पुसत म्हणाली, "हात छान आहेत गं. पण मोजायचं कुणी?" आणि मग तिनेच मोजायला सुरुवात केली, पाच, सहा, सात, आठ, ठणठणीत आवाजात. तिथे पहाटेचे साडेपाच वाजले होते. आण्णा झोपले असतील, हळू बोल, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

वर स्वयंपाकघरातून नवरा झडपेत तोंड घालून ओरडला, "आमटी उतू चाललीय!"

जाऊ दे म्हटलं.

तेव्हा मावशी, हो, ते तेच आहे. रविवारी फोन कर. पण आधी मूठ कर आणि अंगठा कुठे आहे ते बघ.